टंबलिंग बॅरलभोवती सुट्या पॅनेलची खोली : कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक छोटी फौंड्री, म्हणजे लोखंड ओतण्याचा कारखाना. फेटलिंगच्या (ओतलेले नग साफ करण्याच्या) शेडमध्ये एक टंबलिंग बॅरल आहे. त्याच्याभोवती आवाज अडवणारी खोली हवी आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : जाड पत्र्याचं आडवं पिंप, व्यास ९०० मिमी, लांबी १२००. त्यात कास्टिंग (ओतलेले नग) आणि लोखंडी स्टार (चांदणीच्या आकाराचे तुकडे) भरायचे, झाकण आवळायचं आणि मिनिटाला तीस फेऱ्यांनी पाऊण तास फिरवायचं. नग एकमेकांवर आपटून वाळू झडते. दिवसाला असे सात-आठ घाणे, म्हणजे खेपा, निघतात. म्हणजे जवळजवळ सहा तास लोखंडावर लोखंड आपटत असतं, आणि वर पत्र्याचं छप्पर.

आवाज मोजायचा मीटर भाड्याने आणला. जेवणाच्या सुट्टीत बाकी सगळं बंद ठेवून फक्त बॅरल चालू केला. बॅरलपासून १ मीटरवर १०४ डेसिबल, सहा मीटरवरच्या तपासणीच्या टेबलाशी ९६. बॅरल बंद केल्यावर त्याच टेबलाशी ६८.

कारखाना नियमांच्या कोष्टकात ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन आणि १०५ ला एकच तास काम करता येतं. बॅरलवरचे मामा एकोणीस वर्षं तिथे उभे आहेत. मी मापं घेताना त्यांच्याशी बोलायला गेलो तर ते माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "आवाज येतोय वो मिस्त्री, पण शब्द कळत न्हाईत. नात बोलती ते तर अजिबात न्हाई." सतत गोंगाटात राहिल्याने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्झच्या आसपास जातो. लहान मुलांचे बारीक आवाज आणि स, श, फ ही अक्षरं तिथेच असतात. मामांचा कान आता परत येणार नाही. पण त्यांच्या हाताखाली बावीस वर्षांचा एक पोरगा आहे.

काम घेतलं. अंदाज दिला १ लाख ८० हजार.

८ जानेवारी

मालकांच्या अटी तीन. खोली पूर्ण सुटी करता आली पाहिजे, कारण दर दोन-तीन महिन्यांनी बॅरलचा लायनर (आतलं झिजणारं अस्तर) बदलावा लागतो आणि तेव्हा चारही बाजूंनी जागा लागते. वरून गर्डरवरचा एक टनी चेन हॉइस्ट (साखळीने वजन उचलणारं यंत्र) खाली आला पाहिजे, कारण नगांची बादली तोच भरतो. आणि पावसाळ्याआधी काम संपलं पाहिजे.

त्यांनी विचारलं, थर्माकोल लावून भागणार नाही का? नाही. आवाज अडवतं ते वजन. थर्माकोलला वजनच नाही, आणि शेजारी ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असताना तो तिथे ठेवायचा विचारही करू नये. अंड्याचे ट्रे, गादीचा फोम यांचंही तेच. बाहेरून जाड पत्रा, मध्ये रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर) आणि आतून भोकांचा पत्रा हाच जुना मार्ग. बाहेरचा पत्रा आवाज अडवतो, रॉकवूल आतला आवाज खातं. नुसता पत्रा लावला तर आत आवाज घुमून वाढतो आणि मिळेल त्या फटीतून बाहेर येतो.

ठरलेला छेद : बाहेर १६ गेज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, ७५ मिमी रॉकवूल (५० आणि २५ चे दोन थर, घनता घनमीटरला ६४ किलो), आत २२ गेज भोकांचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, भोक ३ मिमी, मध्यापासून मध्यापर्यंत ५ मिमी. आतलं माप ३ मीटर बाय २.४, भिंतीची उंची २.१.

१३ जानेवारी

पहिलं पॅनेल झालं, १२०० रुंद आणि २१०० उंच. सांधे जितके कमी तितक्या फटी कमी, असा माझा हिशेब होता. काट्यावर ठेवलं तर ६४ किलो.

ते घेऊन शेडमध्ये गेलो. बॅरल आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम ९०० ची वाट आहे. दोन माणसांनी उचललं, पण वळवता येईना. एकाचा हात पत्र्याच्या कडेला कापला, टाके पडले नाहीत एवढंच. मी माझ्या वर्कशॉपच्या मोकळ्या फरशीवर उभा राहून माप ठरवलं होतं, शेडमधल्या वाटेत उभा राहून नाही.

हे पॅनेल बाद. नवीन माप ६०० रुंद, वजन ३४ किलो, प्रत्येक पॅनेलला दोन हँडल. लांबीच्या बाजूला पाच, रुंदीच्या बाजूला चार, एकूण १८ पॅनेल, सगळी एकाच मापाची. सांधे दुपटीने वाढले. ते गॅस्केटने, म्हणजे सांध्यात दबणाऱ्या रबरी पट्टीने, सांभाळायचे.

पत्र्याचा हिशेब आणखी एका ठिकाणी चुकला. ६०० च्या पॅनेलला दोन्ही बाजूंनी ७५ ची कड आणि १५ ची वळवलेली लिप धरून ७८० चा तुकडा लागतो. १२५० रुंद पत्र्यातून असा एकच निघतो आणि ४७० ची पट्टी उरते. ती छताला आणि डक्टला वापरली, वाया गेली नाही. पण रुंदी ४४० ठेवली असती तर एका पत्र्यातून दोन पॅनेल निघाली असती. पुढच्या वेळी आधी पत्र्याचं माप घेईन आणि मग पॅनेलचं ठरवीन.

२१ जानेवारी

सहा पॅनेल भरून झाली होती. सातव्याला वेल्डर पोराने रॉकवूलची लादी उचलली आणि ती हातात वाकली. गठ्ठ्यावरचं लेबल पाहिलं : ग्लासवूल, घनता ४८. पुरवठादाराने दुसरंच पाठवलं होतं आणि मी चलनावर न वाचता सही केली होती. भरलेल्या पॅनेलपैकी एक उभं करून रबराच्या हातोड्याने दहा मिनिटं ठोकलं आणि आतला पत्रा काढला. वर चार बोटं जागा मोकळी झाली होती. हातोड्याने दहा मिनिटांत एवढं होतं, तर बॅरलशेजारी महिन्याभरात पॅनेलचा वरचा भाग रिकामाच झाला असता.

सहाही पॅनेल उघडली. माल परत पाठवला, भाडं माझ्या अंगावर. चार दिवस गेले.

त्यातून एक सुधारणा मात्र झाली. आता प्रत्येक पॅनेलच्या मध्यावर एक आडवी पट्टी आहे, म्हणजे लादी २१०० उभी राहत नाही, १०५० च्या दोन खणांत बसते. शिवाय प्रत्येक खणात चार खिळे वेल्ड करून वर लादी धरून ठेवणारे वायसर दाबून लावले. पत्र्यालाही त्या आडव्या पट्टीचा आधार मिळाला. पूर्वी बोटाने टकटक केलं की ताशासारखा वाजायचा, आता ठप्प वाजतो.

रॉकवूलला ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्यांचं कापड) गुंडाळलं. फौंड्रीची धूळ भोकांतून आत शिरली तर वर्षभरात रॉकवूल मातीच्या विटेसारखं होईल, म्हणून कापडाच्या आत पातळ पॉलिथिनही घातलं, २५ मायक्रॉनचं आणि ढिलं. पहिल्या दोन पॅनेलना माझ्याकडे पडलेलं जाड ताडपत्रीचं प्लास्टिक ताणून चिकटवलं होतं, ते काढून टाकलं. जाड ताणलेलं प्लास्टिक वरच्या पट्टीचा आवाज परत फेकतं, आणि इथे वरची पट्टीच जास्त आहे.

२९ जानेवारी ते २ फेब्रुवारी

खांब उभे केले, ४० चौरस पाइप. प्रत्येक खांबाला दोन्ही बाजूंनी ईपीडीएम जातीच्या रबराची पोकळ पट्टी. पॅनेल बाहेरून खांबावर बसतं आणि सहा एम-१० बोल्टनी आवळलं जातं. १८ पॅनेल, १०८ बोल्ट.

जमिनीवर चॅनेल (यू आकाराची लोखंडी खोबण) उलटं, तोंड वर करून ठेवलं आणि त्यात पॅनेलचा पाय बसवला. फरशी चार कोपऱ्यांत चार तऱ्हेची. एका टोकाला ४ मिमी फट, दुसऱ्या टोकाला १५.

छतात हॉइस्टच्या साखळीसाठी १५० रुंदीची लांब खाच ठेवली आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी ३ मिमी रबराच्या झालरी. हवेसाठी समोरासमोर दोन खिडक्या, ३०० बाय ३००, जाळी लावलेल्या.

५ फेब्रुवारी

मीटर लावला. १ मीटरवर १०४ चे ९१.

मी मालकांना निदान वीस कमी होतील असं सांगितलं होतं. तेरा झाले. ते काही बोलले नाहीत. मामांनी अंगठा वर केला, त्यांना फरक जाणवला होता. मला रात्री झोप लागली नाही.

६ फेब्रुवारी

रात्री शेड बंद झाल्यावर आत ५०० वॅटचा हॅलोजन लावला, बाहेरचे सगळे दिवे मालवले आणि खोलीभोवती फिरलो. फरशीलगत चारही बाजूंनी उजेडाची रेघ. छताच्या खाचेतून वर गर्डरपर्यंत उजेडाचा पट्टा. खिडक्या तर उघड्याच. खांबांच्या सांध्यांत मात्र कुठेही उजेड नव्हता. ज्याची मला सगळ्यात धास्ती होती तिथे काम चोख झालं होतं.

वहीत क्षेत्रफळं मांडली. भिंती आणि छत मिळून ३० चौरस मीटर. फरशीची फट सरासरी १० मिमी धरली तर ०.११ चौ.मी. दोन खिडक्या ०.१८. खाच ०.३६. एकूण ०.६५, म्हणजे शंभरात दोनच्या वर. शंभर चौरस फूट भिंतीत एक चौरस फूट भोक असेल तर बाकी भिंत कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या पुढे जाता येत नाही. दोन फूट भोक असेल तर सतराच. हे आकडे मला आधीपासून माहीत होते. काम करताना मात्र खिडकी ही खिडकी आणि खाच ही खाच म्हणून पाहिली, त्यांची बेरीज कधी केली नाही.

सतरा यायला हवे होते तिथे तेराच का, हे अजून शोधायचं आहे.

८ फेब्रुवारी

मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक खांबाला, मूठ कानाला. मेकॅनिक बेअरिंग असंच ऐकतात. बाकी सगळे खांब शांत, तीन नंबरचा खणखणत होता. खाली पाहिलं तर त्याची बेसप्लेट बॅरलच्या फाउंडेशनच्या कट्ट्यावर चढली होती, आणि बॅरलच्या फ्रेमच्या बोल्टला तिची कड टेकत होती. बॅरल त्या खांबातून सगळ्या भिंतीला हलवत होता. म्हणजे खोली आवाज अडवत होती आणि त्याच वेळी स्वतः वाजतही होती.

बेसप्लेट २० मिमी कापली, खांब कट्ट्यावरून खाली घेतला आणि सगळ्याच खांबांखाली १० मिमी निओप्रीन रबराचे तुकडे दिले. बोल्टभोवतीही रबरी बुश. नुसतं खाली रबर देऊन बोल्ट थेट लोखंडाला आवळला तर ते रबर असून नसून सारखंच.

१ मीटरवर आता ८८.

११ फेब्रुवारी

फरशी. उलट्या चॅनेलची कल्पना दहा दिवसांतच मोडीत निघाली. एक पॅनेल काढून परत बसवताना ते खाली बसेचना, कारण चॅनेलमध्ये वाळू आणि झिजलेल्या स्टारचे तुकडे भरून घट्ट झाले होते. फौंड्रीच्या शेडमध्ये वरच्या बाजूला उघडी असलेली कोणतीही खोबण आठवड्यात भरते. हे मला सांगायला कुणी नको होतं, तरी मी तीच चूक केली.

चॅनेल कापून टाकलं. आता फरशीवर अँगलची उभी कड आहे आणि पॅनेल तिच्या बाहेरून खाली उतरतं. वाळू साठायला जागाच नाही, झाडू फिरवला की साफ. अँगल आणि फरशीमधली फट सिमेंट-वाळूने भरून घेतली.

बाहेरून झालर हवी होती. फौंड्रीच्या सँड प्लांटमागे जुना कन्व्हेअर बेल्ट गुंडाळून पडला होता, १० मिमी जाड, आत कापडाचे थर. मालकांनी "न्या की" म्हटलं. १५० रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि पॅनेलच्या तळाशी अशा लावल्या की शेवटचे दोन बोटं फरशीवर लोळतील. जड आहे, लवचीक आहे आणि फरशीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतं. विकतचं कोणतंही रबर इतकं चांगलं बसलं नसतं.

मीटर : ८७. दोन दिवसांच्या कामाला एकच डेसिबल. मदतनीस पोराचा चेहरा उतरला. पण असंच होणार होतं. तीन भोकं असताना सगळ्यात लहान बुजवलं तर बाकीच्या दोनांतून आवाज जातोच. या टप्प्यावर बरेच जण "याने काही फरक पडत नाही" म्हणून सोडून देतात. मी गोव्यात एका हॉटेलच्या जनरेटरच्या खोलीचं काम असंच अर्धवट सोडलेलं पाहिलं आहे. लहान फट शेवटी बुजवली असती तर तिनेच यापेक्षा जास्त डेसिबल दाखवले असते. क्रमाचा भाग आहे.

१५ ते १९ फेब्रुवारी

छताची खाच. रबराच्या झालरी तोवर हॉइस्टच्या हुकात अडकून दोन ठिकाणी फाटल्याच होत्या. शिवाय ३ मिमी रबर म्हणजे चौरस मीटरला चार किलो, आणि पत्रा साडेबारा किलो. ती झालर फाटली नसती तरी पुरली नसती.

खाच पूर्ण रद्द केली. विचार असा केला की हॉइस्ट आत लागतो तो फक्त भरताना आणि रिकामा करताना, तेव्हा बॅरल बंदच असतो. बॅरल फिरत असताना साखळी आत असण्याचं काही कारण नाही. मग छताचा मधला भाग दोन सरकत्या झाकणांचा केला. अँगलच्या रुळावर चाकं, एक झाकण डावीकडे सरकतं, एक उजवीकडे.

सरकत्या झाकणाला गॅस्केट बसवणं सोपं नाही. गॅस्केट टेकलं तर झाकण सरकत नाही, घासून रबर जातं. सरकायला सैल ठेवलं तर फट राहते. दोन दिवस यात गेले. शेवटी रुळातच उपाय निघाला. झाकण जिथे बंद होतं बरोबर तिथे, चारही चाकांखाली रुळाला १२ मिमी खोल खाच कापली. झाकण ढकलत आणलं की शेवटच्या बोटभर अंतरावर चाकं खाचेत उतरतात आणि झाकण आपल्या वजनाने गॅस्केटवर बसतं. उघडताना हँडलला थोडा वर झटका द्यायचा, चाकं खाचेतून बाहेर येतात आणि झाकण सरकतं. खाचेची एक बाजू उतरती घासून घेतली, नाहीतर मामांना रोज सोळा वेळा ते वजन उचलावं लागलं असतं.

पहिल्यांदा झाकण बंद झालं तेव्हा चारही चाकं एकदम खाली बसली आणि आतला आवाज कुणी दार लोटावं तसा मागे गेला. मामा दोन पावलं पुढे येऊन झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

मीटर : ८४.

झाकणाला लिमिट स्विच लावला. झाकण उघडं असताना बॅरल सुरूच होत नाही, आणि फिरता असताना उघडलं तर बंद पडतो. पूर्वी बॅरल उघडाच होता, काहीतरी वेगळं दिसलं तर लांबूनही कळायचं. आता तो दिसत नाही. खोली बांधणाऱ्याने ही जबाबदारी घ्यायलाच हवी. पॅनेल काढून आत जायचं असेल तर मुख्य स्विच बंद करून कुलूप, किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात.

२३ फेब्रुवारी

सलग तीन घाणे झाले आणि गिअरबॉक्सवर हात ठेवता येईना. थर्मामीटरने ७४ अंश. बाहेर उन्हाळा अजून सुरूही झालेला नाही.

मोटर साडेसात अश्वशक्तीची. ती खाते ती जवळजवळ सगळी वीज शेवटी त्या खोलीत उष्णता होऊन राहते. सरासरी साडेतीन किलोवॅट धरले आणि आतली हवा बाहेरपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं, तर तासाला सुमारे हजार घनमीटर हवा फिरायला हवी. बॅरलच्या पोकळ धुऱ्यातून धूळ ओढणारा पाइप आहे, पण तो बॅरलच्या आतली हवा ओढतो, खोलीतली फारच थोडी.

२६ फेब्रुवारी ते ५ मार्च

दोन्ही खिडक्या काढल्या. त्यांच्या जागी दोन डक्ट, प्रत्येकात दोन काटकोनी वळणं, आतून चारही बाजूंना ५० मिमी रॉकवूल आणि भोकांचा पत्रा. एका टोकातून पाहिलं तर दुसरं टोक दिसता कामा नये. हवा वळते, आवाज त्या वळणांवर रॉकवूलमध्ये मुरतो. आत येणारी हवा मोटरजवळ खालून, बाहेर जाणारी समोरच्या कोपऱ्यात वरून.

पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्या डक्टला बारा इंची एक्झॉस्ट फॅन लावला, ४,२०० रुपयांचा. फॅन जोरात फिरत होता आणि हवा आत घेणाऱ्या डक्टच्या तोंडाशी धरलेला कागद हलतही नव्हता. पात्याचा पंखा भिंतीतल्या भोकात चांगला चालतो, चार वळणांचा दाब त्याला झेपत नाही. तो काढून छोटा सेंट्रिफ्युगल ब्लोअर आणला, एक अश्वशक्तीचा. आता कागद तोंडाला चिकटून बसतो. ब्लोअर डक्टच्या आतल्या बाजूला, खोलीत ठेवला, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाजही डक्टमधूनच बाहेर येतो.

पाच घाणे सलग. गिअरबॉक्स ५६ अंश.

मीटर : ८०. एवढ्या दिवसांनी त्या दिवशी जेवण गोड लागलं.

१० मार्च

सकाळी फोन आला. बॅरलची ड्राइव्ह चेन तुटली होती, मेंटेनन्सवाल्यांनी तीन पॅनेल काढून चेन बदलली आणि काम पुन्हा सुरू केलं. "आवाज वाढलाय, येऊन बघा."

गेलो. तीन पॅनेलना मिळून अठरापैकी सात बोल्ट लावलेले. एका ठिकाणी गॅस्केट दुमडून बाहेर आलेलं. बाकीचे बोल्ट एका डब्यात, त्यातल्या दोघांचे आटे गेलेले. मीटर ८६.

मला राग आला, पण तो त्या माणसांवर काढण्यात अर्थ नव्हता. माल अडकलेला, सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि मी त्यांना प्रत्येक पॅनेलला सहा बोल्ट पान्याने काढायला-लावायला सांगतोय. सुटी खोली म्हणून मी विकली, आणि सुटी करायला पाऊण तास. अशी खोली दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला परत पूर्ण उभी राहतच नाही. एखादं पॅनेल भिंतीला टेकून ठेवलं जातं आणि तिथेच राहतं.

१३ ते १७ मार्च

सगळे १०८ बोल्ट काढले. खांबांना मध्यावर आकडे वेल्ड केले. पॅनेल उचलून आकड्यांवर टांगायचं, ते तिथे आपोआप उभं राहतं, धरून ठेवायला माणूस लागत नाही. मग चारही कोपऱ्यांना टॉगल लॅच, पेटीच्या कडीसारखे, हाताने दाबून बंद होणारे. लॅचचा आकडा आट्याचा घेतला, म्हणजे रबर दबून बसलं की दोन फेरे आवळता येतं.

गॅस्केट खांबावरून काढून पॅनेलच्या खोबणीत बसवलं. पूर्वी ते खांबाला चिकटवलेलं होतं आणि पॅनेल सरकवताना दुमडायचं. आता पॅनेलबरोबर येतं, पॅनेलबरोबर जातं, आणि फाटलं तर पॅनेल टेबलावर आडवं ठेवून बदलता येतं.

पॅनेल आणि खांब दोन्हींवर नंबर रंगवले. माप एकच असलं तरी खांब दोन-तीन मिमीने इकडेतिकडे आहेत, आणि रबर ज्या खांबावर दबलं त्याच खांबावर नीट बसतं.

मेंटेनन्सच्या दोघांना घड्याळ लावून तीन पॅनेल काढून परत बसवायला सांगितलं. पहिल्यांदा सहा मिनिटं, दुसऱ्यांदा चार. परत लावल्यावर मीटर : ८०. त्यातला थोरला म्हणाला, "आता ह्यो नीट लावायलाबी कटाळा यायचा न्हाई." पहिल्याच दिवशी त्याला विचारून बोल्टऐवजी लॅच लावले असते तर आठ दिवस आणि १०८ बोल्ट वाचले असते.

२० मार्च

शेवटचं मोजमाप, जेवणाच्या सुट्टीत, ६ जानेवारीच्याच जागांवर. १ मीटरवर १०४ चे ८०. तपासणीच्या टेबलाशी ९६ चे ७३.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. सुट्टी संपली, चिपिंगचे (नगावरचं जादा लोखंड तोडायचे) हातोडे आणि ग्राइंडर सुरू झाले, आणि चिपिंगच्या बाकाशी मीटर पुन्हा ९७ वर गेला. तो आवाज त्यांचा स्वतःचा आहे, या खोलीने तो कमी होत नाही. त्या आठ जणांना कानात प्लग घालावेच लागतील. मालकांना हे लेखी दिलं आहे. तपासणीच्या टेबलावरच्या दोन मुली आणि बॅरलवरचे दोघे यांचा मात्र दिवस बदलला.

२१ मार्च : खर्च

पत्रा ७५३ किलो, ७४ रुपयांनी : ५५,७२२ (बाद झालेल्या पॅनेलसकट)
भोकांचा पत्रा : २९,५००
रॉकवूल, ग्लास क्लॉथ : १६,८००
पाइप, अँगल, रूळ, चाकं : १४,२००
गॅस्केट : ७,९००
लॅच आणि हँडल : ९,६००
ब्लोअर आणि डक्टचं सामान : २३,५००
लिमिट स्विच, वायरिंग, आतला दिवा : ५,२००
रंग : ८,१००
मजुरी : ५८,०००

एकूण २,२८,५२२. अंदाज १,८०,००० चा होता. वरच्या ४८ हजारांपैकी मालकांनी ब्लोअर आणि डक्टचे दिले, कारण उष्णतेचा मुद्दा दोघांच्याही ध्यानात आला नव्हता. बाकीचे माझे. बारा इंची फॅन, बोल्ट आणि परत पाठवलेल्या मालाचं भाडं या यादीत धरलेलंच नाही. सहा आठवड्यांचं काम दहा आठवडे चाललं.

२४ जुलै

पावसात पाहून आलो. लायनर एकदा बदलून झाला, त्यासाठी अठराही पॅनेल निघाली आणि अठराही परत आपापल्या नंबरावर आहेत. चार नंबरचं पॅनेल उघडून पाहिलं : रॉकवूल कोरडं, जागेवर, कापडावर बाहेरून धूळ आहे, आत नाही. भोकांच्या पत्र्यावर मात्र धुळीचा थर बसला होता आणि खालची दोन हात भोकं बुजली होती. हवेचा फवारा मारू नका असं सांगितलं, त्याने धूळ आत जाते आणि कामगारांच्या छातीतही जाते. व्हॅक्यूमने ओढायची, महिन्यातून एकदा.

सरकत्या झाकणाचं डाव्या बाजूचं गॅस्केट एका ठिकाणी चपटं झालं आहे. मीटर ८२. मीटरभर पट्टी बदलली, पुन्हा ८०.

मामांनी सांगितलं की परवा बॅरलच्या उजव्या बेअरिंगचा आवाज बदलला तो त्यांच्या हाताखालच्या पोराने ऐकला, खोलीच्या बाहेरून. ग्रीस संपलं होतं. पूर्वी त्या गोंगाटात तो कुणाला ऐकूच आला नसता, बेअरिंग जळाल्यावरच कळलं असतं.

मालक आता चिपिंगच्या बाकांबद्दल विचारत आहेत. तिथे खोली होत नाही, माणूस आतच असतो. बाकांच्या मध्ये हीच पॅनेल उभी करून आणि वर रॉकवूलचे पडदे टांगून शेजाऱ्याचा आवाज किती कमी होतो ते पाहायचं आहे. मापं घेतली आहेत. या वेळी वाटेत उभं राहून घेतली, आणि चिपिंगवाल्यांना सोबत घेऊन.